शोकठरावातला कर्ता

आपल्याकडे समीक्षा म्हटली की कविता, कथा, कादंबरी, फार झाले तर आत्मकथन, इतक्यावरच नजर थांबते. संस्था जे लिहितात त्याची समीक्षा कोणी करीत नाही. शोकठराव, सूचनाफलकावरची चार ओळींची नोटीस, चौकशी समितीचा गोषवारा, स्मारकाच्या पायथ्याची पाटी, पोलिसांचा पंचनामा हेही लिखाणच आहे आणि ते वाचणारा वर्ग कवितेच्या वाचकवर्गापेक्षा कितीतरी मोठा आहे. या लिखाणावर लेखकाचे नाव नसते. पण त्याला दृष्टिकोण असतो, शैली असते आणि त्या शैलीमागे हितसंबंध असतात. प्रस्थापित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रामागचे हितसंबंध दलित समीक्षेने उघडे पाडले. संस्थांच्या लिखाणाबाबत तेच काम राहून गेले आहे. प्रस्तुत लेखात मी अशा काही मजकुरांचा विचार करणार आहे. शिक्षणसंस्थेच्या आवारात, किंवा शिक्षण घेण्यासाठी घर सोडलेली, एखादी स्त्री मारली जाते तेव्हा तिच्याविषयी काय लिहिले जाते, आणि जे लिहिले त्यावरून पुढची स्त्री वाचण्याची काही शक्यता दिसते काय, एवढाच प्रश्न आहे.

शोकठरावाचा साचा आपल्या सर्वांना पाठ आहे. अमुक हिचे दुःखद निधन झाले, संस्था कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे, मृतात्म्यास शांती लाभो. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे आणि तास सोडून द्यायचे. शाळेच्या व्याकरणात 'उजाडले', 'सांजावले' ही अकर्तृक क्रियापदे आपण शिकलो. पहाट व्हायला कर्ता लागत नाही. शोकठरावातली स्त्री तशीच मरते. तिला कोणी मारीत नाही. तिचे निधन होते. आजार, अपघात, आत्महत्या आणि खून या सर्वांना एका ओळीत बसवणारा हा शब्द फार सोयीचा आहे. शोक पाळला, असे त्यातून दिसते, आणि कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. आमच्या वस्तीत माणूस मेल्यावर बाया रडतात तेव्हा मारणाऱ्याचे नाव घेऊन, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून रडतात. त्या रडण्याला व्याकरण आहे, कर्ता आहे. पांढरपेशा शोकाने तो गाळला.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. कॅनडातल्या माँट्रियल शहराचे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर घेते. ६ डिसेंबर १९८९ रोजी तिथल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या 'इकोल पॉलिटेक्निक' या अभियांत्रिकी महाविद्यालयात पंचवीस वर्षांचा एक तरुण बंदूक घेऊन शिरला. एका वर्गात त्याने मुलगे आणि मुली वेगळ्या केल्या आणि मुलग्यांना बाहेर जायला सांगितले. ते गेले. मागे नऊ मुली राहिल्या. आपण स्त्रीवादाविरुद्ध लढतो आहोत, असे तो म्हणाला. एका मुलीने त्याला समजावण्याचा प्रयत्न केला, की आम्ही स्त्रीवादी वगैरे नाही, नुसत्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थिनी आहोत. त्याने गोळ्या झाडल्या. त्या वर्गात सहा जणी मेल्या. पुढे जिने, भोजनगृह, दुसरे वर्ग असे फिरत त्याने एकूण चौदा स्त्रियांना मारले आणि स्वतःलाही. त्या चौदांत तेरा विद्यार्थिनी होत्या आणि एक महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करणारी. या तरुणाला पूर्वी याच महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेला होता. पुरुषांची जागा बायकांनी बळकावली, हे त्याचे म्हणणे होते. आपल्या वाचकांना हे वाक्य नवे वाटणार नाही. 'जागा' हा शब्द आणि 'बळकावली' हे क्रियापद आपण राखीव जागांच्या संदर्भात दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात ऐकतो.

आता पाहण्यासारखे आहे ते पुढचे लिखाण. पहिल्या काही दिवसांतच 'हा एका वेड्याचा प्रकार' अशी मांडणी रूढ झाली. हा स्त्रियांवरचा हल्ला आहे असे ज्या स्त्रियांनी म्हटले, त्यांना सुनावण्यात आले की तुम्ही दुःखाचे राजकारण करता. मारेकऱ्याने मागे एक पत्र ठेवले होते. त्यात त्याने आपला हेतू स्पष्ट लिहिला होता आणि ठार करण्याजोग्या वाटणाऱ्या एकोणीस स्त्रियांची यादी जोडली होती. पोलिसांनी ते पत्र दडवले. १९९० मध्ये ते एका वृत्तपत्राच्या हाती लागून छापले गेले तेव्हा जगाला कळले. म्हणजे मारणाऱ्याने कर्ता, कर्म आणि हेतू तिन्ही लिहून ठेवले होते; खोडले ते सभ्य समाजाने. १९९९ मध्ये शहराने महाविद्यालयापासून जवळच एक बाग त्या तारखेच्या नावाने केली. तिथल्या शिल्पात चौदा जणींची नावे आहेत, पण अक्षरे अशी विखुरली आहेत की पाहणाऱ्याला थांबून, चालत, जुळवत ती वाचावी लागतात. शिल्प म्हणून ते मला मोलाचे वाटते, कारण नाव एका दृष्टिक्षेपात संपत नाही. पण त्याच बागेच्या पाटीवर 'दुःखद घटना' अशा अर्थाचे शब्द होते. वीस वर्षे ती पाटी तशीच उभी होती. २०१९ मध्ये, घटनेला तीस वर्षे होत असताना, शहराने ती काढली आणि नव्या पाटीवर लिहिले की स्त्रीवादविरोधी हल्ल्यात चौदा स्त्रियांची हत्या झाली. एवढे दोन शब्द बदलायला तीस वर्षे लागली, असे कोणी उपहासाने म्हणेल. मला उलट वाटते. पाटीचा मजकूर बदलणे ही कबुली आहे, आणि संस्था कबुली सहजासहजी देत नाहीत.

बदल निव्वळ शब्दांचा राहिला असता तर मी इतके लिहिले नसते. वाचलेल्या मुली आणि मेलेल्यांचे आईबाप यांनी बंदुकांच्या कायद्याचा पाठपुरावा केला. १९९५ मध्ये कायदा झाला, बंदुकांची सक्तीची नोंद सुरू झाली. २०१२ मध्ये वेगळ्या विचारांच्या सरकारने रायफली आणि शॉटगन यांची नोंद रद्द केली. त्या दिवशी वापरलेल्या जातीच्या रायफलीवर बंदी आली ती २०२० मध्ये. महाविद्यालयाने २०१४ पासून अभियांत्रिकीत पुढचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला दरवर्षी ३०,००० डॉलरची शिष्यवृत्ती द्यायला सुरुवात केली. कॅनडाच्या संसदेने १९९१ मध्येच ६ डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा स्मृतिदिन म्हणून जाहीर केला. त्या संध्याकाळी शहरातल्या टेकडीवरून आकाशात चौदा प्रकाशझोत सोडतात. दिवे लावणे सोपे. रायफलीची नोंद टिकवणे अवघड गेले, हे या इतिहासावरून दिसते.

६ डिसेंबर. आपल्यासाठी या तारखेला दुसरा अर्थ १९५६ पासून आहे, आणि तो मी इथे ओढूनताणून जोडणार नाही. फक्त इतकेच, की स्मृतीचे काय करायचे हे चैत्यभूमीवर येणारा अर्धशिक्षित माणूस विद्यापीठापेक्षा चांगले जाणतो. तो दोन दिवसांचा प्रवास करून येतो, नमन करतो आणि जाताना पिशवीत पुस्तके घेऊन जातो. त्या दोन दिवसांत विकल्या जाणाऱ्या पुस्तकांवर आपली कित्येक छोटी प्रकाशने वर्षभर जगतात. स्मरणातून काहीतरी पुढे चालू राहिले पाहिजे, ही त्याची रीत आहे.

तरीही माँट्रियलचे गुणगान करून मी थांबणार नाही, कारण त्याच देशातली दुसरी एक मुलगी मला अस्वस्थ करते. हेलन बेट्टी ऑस्बोर्न ही क्री या आदिवासी समाजातली मुलगी. मॅनिटोबा प्रांतातल्या आपल्या वस्तीत पुढचे शिक्षण नव्हते म्हणून ती घर सोडून द पा नावाच्या गावात हायस्कूलला आली होती. तिला शिक्षिका व्हायचे होते. १३ नोव्हेंबर १९७१ च्या रात्री चार गोऱ्या तरुणांनी तिला रस्त्यावरून उचलले आणि तिचा खून झाला. ती एकोणीस वर्षांची होती. हे कोणी केले याची कुजबूज गावात थोड्याच दिवसांत पसरली होती. कोणी बोलले नाही. सोळा वर्षांनी, १९८७ मध्ये, एका आरोपीला शिक्षा झाली, चौघांपैकी एकालाच. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने १९९१ मध्ये लिहिले ते स्वच्छ होते: वंशद्वेष, स्त्रीविषयीचा तुच्छभाव आणि गावाची बेफिकिरी यांचा या प्रकरणात वाटा आहे. तिच्या नावाची शिष्यवृत्ती देणारा प्रतिष्ठान-कायदा प्रांताने २००० मध्ये केला. तिच्यासाठी आकाशात झोत नाहीत. व्हँकुव्हरमध्ये १९९७ साली माँट्रियलच्या चौदा जणींसाठी चौदा गुलाबी दगडी बाके बसवली गेली. पुरुषांनी मारलेल्या सर्व स्त्रियांच्या स्मृतीसाठी, असे त्यावर लिहायचे ठरले तेव्हा 'पुरुषांनी' या शब्दावरून मोठे वादळ झाले. शब्द मात्र टिकला. पण त्याच परिसरातल्या गरीब मोहल्ल्यातून त्या काळात स्त्रिया नाहीशा होत होत्या, त्यांत आदिवासी स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि पोलीस तक्रार नीट नोंदवून घेत नव्हते. त्यांचे नातलग १९९२ पासून दरवर्षी १४ फेब्रुवारीला रस्त्याने चालत जातात, ज्या ज्या जागी बाई मेली तिथे थांबतात. विद्यापीठातली मेली की राष्ट्राचा दिवस होतो. वस्तीतली मेली की तिच्या मावशीला रस्त्यावर उतरावे लागते. स्त्री म्हणून सगळ्या सारख्या, हे सूत्र स्मारकाच्या दगडापाशी येऊन फुटते.

आता आपल्या घरी येऊ.

माँट्रियलच्या घटनेला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा, १९९० च्या मार्च महिन्यात, उल्हासनगरला दहावीच्या परीक्षाकेंद्रात पेपर चालू असताना एका विद्यार्थिनीला पेट्रोल ओतून जाळण्यात आले. महाराष्ट्र हादरला, असे वृत्तपत्रांनी लिहिले. हादरला असेल. पण त्या हादरण्यातून मराठी वृत्तपत्री भाषेला काय मिळाले, तर 'एकतर्फी प्रेमातून' हा शब्दप्रयोग पक्का झाला. तो आजही आहे. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले गेले, सात दिवसांनी ती गेली, तेव्हाही मथळे याच दोन शब्दांचे होते. माणूस ज्या स्त्रीला जाळतो तिच्यावर त्याचे प्रेम होते, फक्त तिचे नव्हते, असे हा शब्दप्रयोग सांगतो. उणीव तिच्या बाजूची! मारणाऱ्याला प्रियकराची पदवी देणारी ही भाषा कोणत्या सौंदर्यशास्त्राने घडवली? भावगीतांनी आणि चित्रपटांनी, हे तर खरेच. पण नकार हा अपमान मानण्याची सवय त्याहून जुनी आहे. दलिताने पाणवठ्यावर हक्क सांगितला की गाव ज्या रागाने उठते, आणि मुलीने नाही म्हटले की तरुण ज्या रागाने उठतो, त्या दोन रागांची जात एक आहे. 'आपल्या पायरीने राहावे' हे वाक्य दोघांनाही ऐकवले जाते. माँट्रियलने तीस वर्षांनी 'दुःखद घटना' खोडली; मराठी वृत्तपत्रसृष्टीने चौतीस-पस्तीस वर्षांत 'एकतर्फी प्रेम' खोडलेले नाही.

आणखी एक मजकूर मला या लेखात वाचायचा आहे. तो सर्वांत भयंकर आहे आणि त्याची भाषा सर्वांत सौम्य आहे. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या नोखा येथे शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेणारी सतरा वर्षांची एक दलित विद्यार्थिनी २९ मार्च २०१६ रोजी वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत मृत सापडली. बाप प्राथमिक शिक्षक. मुलगी चित्रे काढायची. वडिलांच्या सांगण्यानुसार वसतिगृहाच्या अधीक्षिकेने तिला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची खोली झाडायला पाठवले होते. शिकायला आलेल्या दलित मुलीच्या हाती झाडू देणे त्या संस्थेत कोणाला चमत्कारिक वाटले नाही, इथपासूनच वाचायला सुरुवात केली पाहिजे. प्रकार उघडकीला आल्यावर संस्थेने पोलिसांना बोलावले नाही. एक कागद लिहून घेतला. माफीनामा. जे झाले ते दोघांच्या संमतीने झाले, अशा आशयाचा, आणि त्यावर शिक्षकाची व मुलीची अशा दोघांच्या सह्या. कायद्याच्या दृष्टीने सतरा वर्षांच्या मुलीच्या संमतीला अर्थच नाही. पण माफीनाम्याचा हेतू कायदेशीर नव्हताच. बलात्कार झालेली आणि करणारा यांना एका ओळीत, एका कागदावर, समान अपराधी म्हणून बसवणे हा त्याचा हेतू. शोकठरावात कर्ता गाळलेला असतो. माफीनाम्यात जिच्यावर अत्याचार झाला तिलाच कर्ता केलेले असते. दुसऱ्या दिवशी ती मेलेली होती. तिचे प्रेत पोलिसांनी नगरपालिकेच्या कचरा वाहणाऱ्या गाडीतून नेले. २०२१ मध्ये न्यायालयाने शिक्षकाला जन्मठेप दिली, अधीक्षिकेला आणि तिच्या नवऱ्यालाही कैद झाली.

ऑस्बोर्न आणि ही मुलगी यांच्यामध्ये पंचेचाळीस वर्षे आणि अर्धे जग आहे. दोघींनाही शिक्षिका व्हायचे होते. दोघीही शिकण्यासाठी घरापासून लांब, परक्या माणसांच्या भरवशावर राहत होत्या. आमच्या समाजातली मुलगी शिकते म्हणजे कोणाच्या तरी वसतिगृहात राहून शिकते, हे मी वेगळे सांगायला नको. मी स्वतः सरकारी वसतिगृहातच पदवीपर्यंत पोहोचले. माझ्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कोणी गेले नव्हते. अधीक्षिका ही आमच्यासाठी आई, पोलीस आणि मालकीण या तिन्हींच्या जागी असते. तिच्या एका शब्दावर जागा राहते किंवा जाते. तेव्हा एखादी मुलगी माफीनाम्यावर सही का करते, हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी वसतिगृहाची खोली कधी कोणाच्या मेहेरबानीवर घेतली होती काय, ते सांगावे.

या मुलीचे नाव मी लिहिलेले नाही. आंदोलनाने ते फलकांवर लिहिले, हजारोंनी ते उच्चारले, आणि ते योग्यच होते असे मला वाटते. पण अल्पवयीन पीडितेची ओळख छापायला पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमाने बंदी आहे, आणि बलात्कारित स्त्रीचे नाव छापायलाही जुन्या-नव्या दोन्ही दंडसंहितांत मनाई आहे. ही मनाई स्त्रीच्या संरक्षणासाठी आहे. जिवंत स्त्रीच्या बाबतीत तिचा निर्णय तिच्याकडेच असला पाहिजे, यात शंका नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की मेलेल्या स्त्रियांना टोपणनावे मिळतात. दिल्लीतल्या मुलीला 'निर्भया' म्हटले, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी कामावर असताना मारल्या गेलेल्या डॉक्टरला 'अभया'. दोन्ही नावे देवळातली आहेत. दलित स्त्रीला असे नावही मिळत नाही. तिच्या वाट्याला गावाचे नाव येते. खैरलांजी. हाथरस. गाव तिचे नव्हते, गावाने तिला मारले, आणि इतिहासात ती त्या गावाच्या नावाने राहते. खैरलांजीत मारल्या गेलेल्यांमध्ये एक शिकणारी, हुशार मुलगी होती, हे आज किती जणांना आठवते? आणि त्या खटल्यात अ‍ॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही, विनयभंगाचेही टिकले नाही. न्यायालयाने हत्या मानली, जात मानली नाही, स्त्रीत्वावरचा हल्लाही मानला नाही.

कोलकात्याच्या त्या रुग्णालयाच्या आवारात पुढे एक अर्धपुतळा बसवला गेला. वेदनेने किंचाळणाऱ्या स्त्रीचा चेहरा. अनेकांनी त्यावर टीका केली आणि ती मला पटते. मारेकऱ्याने जो क्षण पाहिला तोच क्षण स्मारकात गोठवायचा, म्हणजे तिला मारेकऱ्याच्या नजरेने अजरामर करायचे. ती डॉक्टर होती, छत्तीस तासांच्या पाळीत होती, तिला विसाव्यासाठी स्वतंत्र खोली नव्हती म्हणून ती सभाखोलीत झोपली. विसाव्याच्या खोलीला तिच्या स्मृतीत स्थान मिळाले असते तर तो पुतळ्याहून खरा शिलालेख झाला असता. दलित साहित्यावर एके काळी वेदनेच्या प्रदर्शनाचा आरोप होत असे. तो आरोप खोटा होता, कारण तिथे वेदना भोगणारा स्वतः बोलत होता आणि बोट दाखवत होता. पुतळा बोट दाखवीत नाही.

इथे आपल्या चळवळीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला. त्यावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली होती म्हणून तो आपला झाला. कोरलेल्या नावाचे सामर्थ्य आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? हैदराबादच्या विद्यापीठात २०१६ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांनी उभा केलेला 'वेलिवाडा' हे तर विद्यापीठाच्या आवारातच गावकुसाबाहेरच्या वस्तीचे स्मारक होते. नामांतराच्या लढ्यातल्या शहिदांची नावे आपण दर १४ जानेवारीला घेतो. पण १९७८ च्या दंगलीत मराठवाड्याच्या खेड्यांमध्ये ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांनी त्या विद्यापीठाच्या नावाची किंमत स्वतःच्या देहाने चुकवली, असे आपण म्हणतो काय? विद्यापीठाची पायरी ज्यांनी कधी पाहिली नाही अशा बाया त्या नावासाठी भरडल्या गेल्या. विद्यापीठाच्या इतिहासात त्यांना जागा नाही आणि आपल्या भाषणांतही त्या 'अत्याचार झाले' या अकर्तृक वाक्यात बसून आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, वृद्ध कार्यकर्त्या शोधून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया नावानिशी आपल्यासमोर आल्या. तसे काम या स्त्रियांबाबत झाले पाहिजे. नाव छापायचे की नाही ते त्यांना किंवा त्यांच्या लेकींना विचारून.

विद्यापीठ लिहू शकते, आणि त्याने लिहिले की काही हलते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असावी. १९७९ च्या सप्टेंबरात दिल्ली आणि पुणे येथील कायद्याच्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक तुम्हाला कळत नाही काय, असा त्याचा रोख होता. देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. ते पत्र मी आमच्या विद्यार्थ्यांना निबंधलेखनाचा नमुना म्हणून वाचून दाखवते. त्यात एकही अकर्तृक वाक्य नाही असा माझा दावा नाही, पण न्यायालयाने काय केले हे त्यात न्यायालयालाच सांगितले आहे. मथुरेला मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. भंवरीदेवीचेही तेच. राजस्थान सरकारची साथिन म्हणून बालविवाह रोखायला गेलेल्या या कुंभार जातीच्या बाईवर १९९२ मध्ये वरचढ जातीच्या माणसांनी सामूहिक बलात्कार केला, १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्यांना त्या आरोपातून मुक्त केले, आणि तिच्या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला. आज प्रत्येक महाविद्यालयात जी अंतर्गत तक्रार समिती आहे, तिचे मूळ भटेरी गावच्या या बाईत आहे. समितीच्या फलकावर तिचे नाव मी कुठे पाहिलेले नाही.

आता त्या समितीचा मजकूर. मी अशा एका समितीची सदस्य आहे, म्हणून हे कागद मला पाठ आहेत. २०१३ च्या कायद्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीने समितीची रचना ठरवून दिली आहे: अध्यक्षस्थानी वरिष्ठ अध्यापिका, अध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरची एक जाणकार व्यक्ती, आणि विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर लोकशाही पद्धतीने निवडलेले तीन विद्यार्थी. हे निवडलेले तीन विद्यार्थी किती ठिकाणी खरोखर निवडलेले असतात, हे वाचकांनी आपापल्या महाविद्यालयात विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी प्राचार्य दोन 'चांगल्या घरच्या' मुली सुचवतात. दरवर्षी जिल्हा अधिकाऱ्याकडे अहवाल जातो. त्यात तक्रारींच्या रकान्यात एक शब्द लिहायची प्रथा आहे: निरंक. कारकुनी मराठीतला हा शब्द मला 'निधन'चा सख्खा भाऊ वाटतो. निरंक म्हणजे शून्य. म्हणजे आमचे महाविद्यालय स्वच्छ. वर्षानुवर्षे निरंक लिहिणारे महाविद्यालय सुरक्षित असते, की तिथे कोणी बोलत नाही? मला कोणी दोन महाविद्यालये दाखवली, एकात वर्षाला पाच तक्रारी आणि दुसऱ्यात दहा वर्षे निरंक, तर मी माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्यात घालीन. दुर्दैवाने मूल्यांकन करणारे उलटे वाचतात.

आणि सर्वांत मोठी फट. जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली एक तरी स्त्री असली पाहिजे, असे कायदा सांगतो. महाविद्यालयातल्या अंतर्गत समितीला हे बंधन नाही. जातीचा छळ झाला तर त्यासाठी वेगळा कक्ष, वेगळा अधिकारी, २०१२ ची वेगळी नियमावली. मुलीला शिक्षक अश्लील बोलला आणि त्या बोलण्यात तिची जात काढली, तर तिने कोणत्या खोलीचे दार ठोठवायचे? एका खोलीत ती फक्त स्त्री असते, दुसऱ्यात फक्त दलित. दोन खोल्यांमधल्या व्हरांड्यात तिचे तीन महिने निघून जातात, आणि तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. नोख्याच्या मुलीच्या हातातला झाडू आणि शिक्षकाची खोली, यांतले जातीचे काय आणि लिंगाचे काय हे वेगळे करून दाखवता येईल काय?

दाराला आठ वाजता कुलूप लावणे हा प्रतिबंध नव्हे, हे आयोगाच्याच 'सक्षम' समितीने २०१३ मध्ये लिहिले आहे; सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर जाचक नियम लादू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरी कुलपे आहेतच. गुप्ततेचेही तसेच आहे. तक्रारीतला तपशील उघड करायला कायद्याच्या १६ व्या कलमाने बंदी आहे, म्हणून समित्या काहीच सांगत नाहीत. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की ओळख उघड न करता, न्याय मिळाला ही माहिती देता येते. ती ओळ कोणी वाचत नाही. यंदा आम्ही फलकावर तेवढेच लावायचे ठरवले: गेल्या वर्षी इतक्या तक्रारी आल्या, इतक्यांत कारवाई झाली, इतक्या दिवसांत झाली, तक्रार ऐकायला अमुक जणी अमुक खोलीत अमुक वेळेला बसतात. सोबत भंवरीदेवीचे नाव आणि १९९२ हे साल. आणि जातीच्या व लिंगाच्या तक्रारींचे दोन्ही कक्ष महिन्यातून एकदा एकत्र बसावेत, असा अर्ज आम्ही तीन सदस्यांनी सह्यांनिशी दिला. नियमात तशी तरतूद नाही, असा शेरा मारून तो कार्यालयातून परत आला. नियमात तशी मनाईही नाही, असे त्याच शेऱ्याखाली लिहून तो आम्ही पुन्हा आवक-जावक नोंदवहीत चढवला आहे.